"दोनच टेबलं रिफ्रेश कर" असं एआयला सांगितलं, की आत काय घडतं?

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या घोषणांत हल्ली एक ओळ सारखी दिसते: तुमच्या डेटा पाइपलाइनशी साध्या भाषेत बोला, कुठली टेबलं रिफ्रेश करायची ते सांगा, बाकीचं एआय बघून घेईल. सामान्य वाचकाला त्यातला निम्मा भाग कळत नाही. ज्यांना कळतो, त्यांच्या पोटात वेगळाच गोळा येतो, की यानं भलतंच बटण दाबलं तर?

कोल्हापुरात हा प्रश्न आयटीवाल्या पोरांपुरता उरलेला नाही. दूध संघ, साखर कारखाने, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या, सगळीकडं रोजचे आकडे संगणकात जातात आणि शेवटी कुणाच्या तरी बिलावर, पगारावर किंवा ऑर्डरीवर उतरतात. त्यामुळं हे टूल आपल्या ऑफिसात येण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते समजून घेतलेलं बरं.

## रिफ्रेश म्हणजे काय, ते आधी एक्सेलमध्ये बघू

एका शीटमध्ये विक्रीच्या नोंदी आहेत आणि दुसऱ्या शीटमध्ये त्यावरून केलेलं पिव्होट टेबल, म्हणजे बेरजांचा तक्ता. मूळ शीटमधला एक आकडा बदला. पिव्होट सहसा ढिम्म हलत नाही. त्यावर रिफ्रेश दाबलं की मगच नवी बेरीज दिसते. ज्यांनी साहेबांना जुन्या पिव्होटची प्रिंट दिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे एका ठिकाणी मूळ नोंदी असतात आणि दुसऱ्या ठिकाणी त्यावरून काढलेला हिशेब. मूळ बदललं म्हणून हिशेब आपोआप बदलतोच असं नाही. तो पुन्हा काढायला लावावा लागतो. त्याला रिफ्रेश म्हणतात. एक्सेलमध्ये "रिफ्रेश ऑल" हे बटणही आहे, आणि एकाच पिव्होटवर जाऊन तेवढंच रिफ्रेश करण्याची सोयही आहे. या लेखाचा विषय म्हणजे हीच दुसरी सोय. फक्त फाईलच्या जागी डेटाबेस आहे आणि बटण दाबणाऱ्या माणसाच्या जागी एआय.

डेटाबेसमधलं टेबल म्हणजे ओळी आणि रकाने असलेला एक तक्ता. एका टेबलातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं अशी माहिती ठरलेल्या क्रमानं पुढं नेणाऱ्या व्यवस्थेला डेटा पाइपलाइन म्हणतात. एवढे शब्द पुरे आहेत.

## सगळंच का नाही, मोजकं का?

उदाहरणासाठी एक दूध संघ मनात धरू. नाव नको, आकडेही समजुतीपुरते. गावोगावच्या संस्थांमध्ये सकाळ-संध्याकाळ दूध येतं. सभासद, लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) हे मशीनवर नोंदलं जातं आणि संघाच्या संगणकात "संकलन" नावाच्या टेबलात जमा होतं. "दरपत्रक" टेबलात कुठल्या फॅटला काय दर ते असतं. या दोहोंतून "बिल" तयार होतं. बिलातून पेंडीचे आणि उचलीचे पैसे वजा करून "निव्वळ देणं" निघतं. बिलाच्याच बेरजेवरून संस्थेचं "कमिशन" निघतं, आणि या सगळ्यावरून तालुक्याचे अहवाल. गाईचा संसार वेगळा, म्हशीचा वेगळा. आपल्याकडं बिल दहा दिवसांचं: १ ते १०, ११ ते २०, आणि २१ पासून महिनाअखेर.

खऱ्या संघात अशी टेबलं शेकड्यानं असतात. फक्त म्हशीचा दर बदलला, तर गाईची टेबलं, वाहतुकीची टेबलं, गोदामाचे साठे हे सगळं पुन्हा मोजायचं कारण काय? उसाला पाणी पाजताना दंडात पाणी आलं म्हणून कुणी सगळ्या रानाची दारं एकदम मोडत नाही. ज्या सऱ्या वाळल्यात त्यांचीच दारं मोडतो, कारण मोटरीची लाईट ठरलेले तास असते आणि वरच्या ओल्या सरीत सोडलेलं पाणी नुसतं वाया जातं. क्लाउडवर संगणक भाड्यानं घेतले की त्यांचंही असंच. जितका वेळ चालतील तितकं बिल, आणि सकाळी आठच्या आत आकडे हवे असले तर वेळही मोजकाच.

मोजकी टेबलं ताजी करण्याची सोय नवी नाही. डेटाब्रिक्ससारख्या, क्लाउडवर डेटा पाइपलाइन चालवणाऱ्या प्लॅटफॉर्मवर ती आहे. डीबीटी नावाच्या टूलमध्ये तर टेबलाच्या नावाच्या शेवटी अधिकचं चिन्ह टाकलं की त्यावर अवलंबून असलेली पुढची सगळी टेबलंही कामाच्या यादीत येतात. नवं काय, तर ही यादी आता माणसाऐवजी एआय भरतं.

## एआय टूल म्हणजे नक्की कोण काय करतं?

इथं एक गैरसमज मुळापासून काढायला हवा. चॅटमधलं एआय डेटाबेसला हात लावत नाही. त्याला फक्त मजकूर वाचता येतो आणि मजकूर लिहिता येतो. त्याच्यापुढं एक यादी ठेवलेली असते: ही ही कामं उपलब्ध आहेत, प्रत्येकाचं नाव हे, वर्णन हे, आणि ते करायला ही ही माहिती भरून द्यावी लागते. तुम्ही म्हणालात, "म्हशीचं बिल नव्या दरानं कर," की ते यादीतलं एक काम निवडतं आणि मागितलेले रकाने भरतं. पाइपलाइन कोणती, टेबलं कोणती, रिफ्रेश साधा की पूर्ण. तो भरलेला फॉर्म दुसरा एक साधा प्रोग्रॅम उचलतो आणि प्रत्यक्ष बटण तो दाबतो.

अशी यादी एआयपुढं कशी मांडायची याची एक सामाईक पद्धत नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीनं जाहीर केली. तिचं नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी. २०२५ मध्ये ओपनएआयसह इतरांनीही ती स्वीकारली, आणि तेव्हापासून "आमचं एमसीपी सर्व्हर आलं" (म्हणजे अशी यादी एआयपुढं मांडणारा प्रोग्रॅम) अशा घोषणांचा पाऊस सुरू आहे. डेटाची टूलं विकणारे त्यात पुढं आहेत.

या मांडणीतून एक गोष्ट सरळ निघते. एआय कितीही हुशार असो वा मठ्ठ, जे काम यादीत नाही ते त्याला त्या वाटेनं करता येत नाही. म्हणून "हे एआय किती हुशार आहे?" हा प्रश्न दुय्यम आहे. यादीत काय काय ठेवलंय, आणि बटण दाबणाऱ्या त्या प्रोग्रॅमला डेटाबेसमध्ये कुठवर परवानगी दिलीय, हे आधी विचारायचं. विकायला आलेला माणूस डेमोत पहिल्याच प्रश्नाचं उत्तर तासभर देतो.

## रिकामी यादी म्हणजे "काहीच नको" नव्हे

फॉर्म भरण्यात काय गंमत होऊ शकते ते एका खऱ्या उदाहरणावर बघण्यासारखं आहे. डेटाब्रिक्सच्या पाइपलाइनला बाहेरून सूचना देताना दोन याद्या देता येतात. एक "रिफ्रेश सिलेक्शन", म्हणजे साधा रिफ्रेश करायची टेबलं. दुसरी "फुल रिफ्रेश सिलेक्शन", म्हणजे आतली जमा पुसून पहिल्यापासून भरायची टेबलं. आता दोन्ही याद्या रिकाम्या राहिल्या तर काय होईल? आपल्याला वाटतं, काहीच होणार नाही. प्रत्यक्षात त्या पाइपलाइनमधली सगळी टेबलं अपडेट होतात.

चूक कुणाचीच नाही; कागदपत्रांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. पण एआयला टेबलाचं नाव सापडलं नाही आणि त्यानं यादी रिकामी सोडून फॉर्म पुढं ढकलला, तर "फक्त दोन टेबलं" म्हणून सांगितलेलं काम अख्ख्या पाइपलाइनवर चालतं. निकाल चुकीचा येईलच असं नाही, पण महिन्याचं क्लाउडचं बिल बघताना मालक विचारतील. यावर उपाय एआयला समजावण्यात नाही. मधल्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळी टाकायच्या: यादी रिकामी असेल तर काम नाकार, आणि यादीतलं नाव पाइपलाइनमध्ये तंतोतंत नसेल तरीही नाकार. "बिल", "बिल_जुनं" आणि "बिल_टेस्ट" अशी तीन नावं ज्या डेटाबेसमध्ये नांदतात (आणि अशी नांदत नाहीत असा डेटाबेस मी तरी पाहिलेला नाही), तिथं अंदाजानं नाव जुळवू देणं धोक्याचं.

## ४८० रुपयांचा मेळ का बसत नाही?

आता समजा नाव बरोबर आलं, रिफ्रेशही नीट झाला. तरी गडबड होऊ शकते, आणि ही गडबड जास्त चिवट असते.

११ तारीख. संघानं म्हशीच्या दुधाचा दर १ तारखेपासून लिटरमागं २ रुपयांनी वाढवलाय, ५० चा ५२. ऑपरेटर एआयला सांगतो, "दरपत्रक आणि बिल रिफ्रेश कर." दोन टेबलं सांगितली, दोन झाली. एका संस्थेचं दहा दिवसांचं दूध ८,००० लिटर. जुन्या दरानं ४,००,००० रुपये होते, नव्यानं ४,१६,००० झाले. बरोबर आहे. पण कमिशनचं टेबल कुणी सांगितलंच नव्हतं. समजा कमिशन शेकडा ३ आहे, तर त्या टेबलात अजून १२,००० रुपयेच दिसतायत, असायला हवेत १२,४८०. संस्थेचे सचिव कॅल्क्युलेटर घेऊन बसतात, ४८० रुपये कुठं जुळत नाहीत, आणि फोन लावतात. इकडं ऑपरेटरच्या स्क्रीनवर सगळं हिरवं. त्यानं सांगितलेलं काम शंभर टक्के झालेलं आहे.

"निव्वळ देणं" हे टेबलही राहिलंच होतं. म्हणजे सभासदाच्या हातातल्या पावतीवर रक्कम नवी आणि बँकेत गेलेली रक्कम जुनी. तिथं नुसत्या फोनवर भागत नाही, लोक ऑफिसात येतात.

टेबलं निवडायची म्हणजे उरलेली जाणूनबुजून शिळी ठेवायची. ती शिळी राहिलेली चालणार आहेत का, हे ठरवल्याशिवाय निवड पुरी होत नाही. आणि माझ्या मते एआयचा या कामातला खरा उपयोग इथंच आहे. बटण दाबायला त्याची गरज नाही. पण "दरपत्रक बदललं तर पुढं कुठल्या कुठल्या टेबलांवर परिणाम होतो?" हे विचारलं, तर पाइपलाइनचा नकाशा वाचून ते सांगणं त्याला चांगलं जमतं. हा नकाशा सिस्टीमकडं असतोच. त्याला लिनिएज म्हणतात. पण तो उघडून बघायची सवय फार थोड्या जणांना असते.

म्हणून टूल घ्यायचंच असेल तर असं घ्यावं, की जे आधी बेत दाखवतं आणि "हो" म्हटल्यावरच हलतं. बेत असा दिसायला हवा:

"साधा रिफ्रेश: दरपत्रक, बिल, निव्वळ_देणं, कमिशन. पूर्ण रिफ्रेश: एकही नाही. हात लागणार नाही: संकलन, सभासद, गाईची सर्व टेबलं. बिलावर अवलंबून असूनही यात न घेतलेली टेबलं: तालुका_अहवाल. पुढं जाऊ?"

शेवटून दुसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. सगळीच टूलं ती दाखवतील असं नाही. मागून घ्यावी लागते.

## फुल रिफ्रेश: नाव तेच, पण एका टेबलाला औषध आणि दुसऱ्याला विष

टेबलं ढोबळमानानं दोन जातीची असतात. एक हिशेबाची: दर वेळी मूळ नोंदींवरून उत्तर पुन्हा काढलं जातं. दुसरी जमा होणारी: नवीन आलेल्या नोंदी तेवढ्या खाली जोडल्या जातात, आधीच्यांना हात लावला जात नाही. आपलं "संकलन" या दुसऱ्या जातीचं.

साधा रिफ्रेश केला की जमा होणाऱ्या टेबलात नवीन नोंदी येतात, जुन्या तशाच राहतात. फुल रिफ्रेश केला की ते टेबल रिकामं होतं आणि जिथून माहिती येते तिथून पहिल्यापासून पुन्हा भरलं जातं. आता कळीचा मुद्दा: जिथून माहिती येते, तिथं पहिल्यापासूनची माहिती अजून शिल्लक आहे का?

गावातल्या मशीनकडून येणाऱ्या नोंदी बऱ्याचदा मधल्या एका रांगेत थांबतात. त्यासाठी काफ्का नावाचं सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. नोंदी किती काळ ठेवायच्या याचं काफ्कातलं मूळ सेटिंग १६८ तास आहे, म्हणजे ७ दिवस. कुणी मुद्दाम बदललं नसेल तर त्याहून जुन्या नोंदी तिथून काढून टाकल्या जातात. रोजच्या कामात याचा काही त्रास नसतो, कारण नोंद आली की काही मिनिटांत "संकलन" टेबलात उतरलेली असते.

पण आपलं बिल दहा दिवसांचं आणि रांग सात दिवसांची. ११ तारखेला सकाळी कुणीतरी एआयला म्हणालं, "संकलनापासून सगळं पहिल्यापासून नीट भर," आणि त्यानं फुल रिफ्रेशच्या यादीत "संकलन" टाकलं, तर टेबल रिकामं होतं, रांगेतून ४ तारखेपासूनचं दूध परत येतं, आणि १, २, ३ तारखेचं येतच नाही. मागच्या महिन्यांचं तर सोडूनच द्या. वेळेला ६ लिटर दूध घालणाऱ्या एका सभासदाचे ३ दिवसांचे ३६ लिटर गेले. ५२ रुपये दरानं १,८७२ रुपये. आणि स्क्रीनवर? "पूर्ण झालं", हिरव्या अक्षरात. कारण सिस्टीमच्या दृष्टीनं काहीच बिघडलेलं नाही. समोर जेवढ्या नोंदी होत्या तेवढ्या तिनं इमानदारीनं भरल्या.

मग फुल रिफ्रेश कधीच करू नये? तसंही नाही. समजा "बिल" हे टेबलही जमा होणाऱ्या जातीचं बांधलं आहे: दुधाची नोंद आली की त्या क्षणीचा दर लावून ओळ लिहायची, आणि पुन्हा तिच्याकडं बघायचं नाही. अशा टेबलावर दर बदलल्यानंतर साधा रिफ्रेश हजारदा केला तरी जुन्या ओळी ५० रुपयांवरच राहतात. तिथं फुल रिफ्रेशच हवा. आणि तो बिनधोक आहे, कारण "बिल" भरतं "संकलन" टेबलातून, आणि "संकलन" मध्ये सगळ्या तारखा शाबूत आहेत.

त्यातही एक पाचर आहे. दरपत्रकात प्रत्येक दरासमोर तो कधीपासून लागू हे लिहिलेलं हवं. नुसता चालू दर ठेवला असेल, तर फुल रिफ्रेश मागच्या वर्षीच्या बिलांनाही ५२ रुपये लावून मोकळा होईल.

हा फरक टेबलाच्या नावावरून कळत नाही, एआयलाही नाही आणि नव्यानं लागलेल्या पोरालाही नाही. म्हणून जी टेबलं गेली तर परत आणता येणार नाहीत त्यांना कुलूप टेबलावरच लावायचं. डेटाब्रिक्समध्ये टेबलावर "रिसेट अलाउड" हा गुणधर्म नकारार्थी करून ठेवता येतो, डीबीटीमध्ये त्या त्या मॉडेलवर (तिथं टेबल बनवायच्या कृतीला मॉडेल म्हणतात) फुल रिफ्रेश बंद अशी नोंद करता येते. मग माणूस सांगो वा एआय, ते टेबल पुसलं जात नाही. अर्ध्या तासाचं काम आहे आणि एआय घ्या किंवा घेऊ नका, ते आजच करून ठेवण्यासारखं आहे.

## "आणि एआयनं डेटाबेसच उडवला तर?"

ही भीती हवेतली नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या प्रोग्रॅमिंगचं टूल पुरवणाऱ्या कंपनीच्या एआय एजंटनं (स्वतः पावलं उचलून काम करणाऱ्या एआयनं) जेसन लेमकिन या उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. काही बदलू नकोस असं त्याला बजावलेलं होतं. वर, पुसलेलं परत आणता येणार नाही असंही त्यानं ठोकून दिलं. प्रत्यक्षात ते आणता आलं. कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर माफी मागितली, आणि चाचणीचा डेटाबेस व चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची व्यवस्था आणली.

यात बघण्यासारखं काय, तर "करू नकोस" हे वाक्य म्हणजे कुलूप नव्हे. एआयला दिलेली सूचना ते बहुतेक वेळा पाळतं, पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही. एमसीपीमध्येही एखादं काम फक्त वाचण्याचं आहे की नासधूस करू शकणारं आहे हे लिहायची सोय आहे, पण त्याला नावच "हिंट" आहे. समोरच्या ॲपनं ते वाचून तुम्हाला विचारावं अशी अपेक्षा असते, अडवणूक मात्र त्यातून होत नाही.

खरं कुलूप डेटाबेसच्या परवानगीत असतं. एआयच्या टूलसाठी वेगळं खातं काढायचं. त्या खात्याला टेबलांची यादी बघता येईल, ठरलेल्या पाइपलाइनचा साधा रिफ्रेश सुरू करता येईल, प्रगती बघता येईल. टेबल काढणं, रिकामं करणं, फुल रिफ्रेश, यातलं काहीच नाही. काही ठिकाणी सोयीसाठी मुख्य ॲडमिनचा पासवर्डच टूलमध्ये टाकून देतात. तिथं मग एआयला दोष देण्यात अर्थ नाही.

## "बटण तर आधीपासून आहे, मग हे कशाला?"

रास्त प्रश्न. ज्याला स्क्रीन ओळखीची आहे त्याला दोन टेबलांवर खूण करून बटण दाबायला मिनिट लागत नाही. रोज पहाटे ठरलेल्या वेळी करायचा रिफ्रेश तर एआयकडं देऊच नये. त्याला वेळापत्रकावर चालणारा साधा प्रोग्रॅम पुरतो, आणि तो रोज तेच करतो. रोज तेच व्हावं म्हणून, दर वेळी थोडं वेगळं वागू शकणारं साधन कोण वापरतो?

एआय उपयोगी पडतं ते आडवेळी. डेटा बघणारा माणूस रजेवर, सकाळी सातला अहवाल रिकामा, आणि ऑफिसात फक्त वसुली बघणारा कारकून. तो विचारतो, "कागलचे आकडे का नाहीत?" एआय मागच्या रनच्या (पाइपलाइन मागच्या वेळी चालली तेव्हाच्या) नोंदी वाचून सांगतं, की रात्री दोनला एका संस्थेच्या फाईलमध्ये फॅटच्या रकान्यात आकड्याऐवजी अक्षर आलं, तिथं "संकलन" अडकलं, म्हणून पुढची तीन टेबलं कालचीच आहेत. फाईल दुरुस्त झाली की तेवढीच चार टेबलं रिफ्रेश करू का? असं काम पूर्वी फोनाफोनीत दुपार खात असे.

आणि तुमचा सगळा कारभार टॅली आणि चार एक्सेल फाईलींवर नीट चालत असेल, तर यातलं काहीच विकत घेऊ नका. डेमो छान दिसतो म्हणून पाइपलाइन बांधायची नसते.

## सभासदांची माहिती बाहेर जाते का?

टेबल रिफ्रेश करायला एआयला टेबलांची नावं आणि रनची स्थिती एवढंच पुरतं. कुणी किती दूध घातलं, कुणाची उचल किती, हे त्याला दिसायची गरज नाही, आणि दाखवूही नये. फट एकाच ठिकाणी राहते: काम अडकल्यावर येणाऱ्या एरर मेसेजमध्ये. "या खाते क्रमांकाचं रूपांतर करता आलं नाही" अशा ओळीत अख्खा बँक खाते क्रमांक आणि नाव छापलेलं असतं, आणि तो संदेश एआय वाचतं. एआय कुणाच्या सर्व्हरवर चालतं त्यावरून तो मजकूर कुठं जातो ते ठरतं. देशात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झालेला आहे, तेव्हा एरर मेसेजमधले असे आकडे झाकूनच पुढं पाठवायला विक्रेत्याला सांगावं. लेखी सांगावं.

## "झालं" म्हणतंय, पण झालं का?

रिफ्रेश सुरू करायची सूचना दिली की सिस्टीम लगेच एक क्रमांक देते. काम सुरू झाल्याची ती पोच असते, संपल्याची नव्हे. प्रत्यक्ष काम कधी चार मिनिटं चालतं, कधी चाळीस. घाईनं बांधलेल्या टूलमध्ये एआय ती पोच बघूनच "टेबलं रिफ्रेश केली आहेत" असं सांगून मोकळं होतं. म्हणून त्याच्या यादीत "त्या क्रमांकाचं काय झालं?" हे विचारण्याचं कामही हवं, आणि शेवट यशस्वी की अयशस्वी हे कळल्याखेरीज "झालं" म्हणायची मुभा नको.

त्यानंतरची तपासणी एआयकडून करून घेऊ नये. ज्यानं काम केलं त्यानंच तपासायचं, हे आपण हिशेबात कुठं चालवून घेतो? डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल, तिच्या साध्या तीन ओळी पुरतात. बिलाची बेरीज आणि कमिशनचा पाया सारखा आहे का. निव्वळ देणं अधिक कपात म्हणजे बिल येतंय का. आणि प्रत्येक संस्थेच्या संकलनात त्या बिलाच्या मुदतीतल्या सगळ्या वेळा आहेत का: दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे २०. वर सांगितलेली १, २, ३ तारीख गायब झाली असती, तर या तिसऱ्या ओळीनं पैसे बँकेत जायच्या आधी ते पकडलं असतं.

फक्त २० हा आकडा तिथं ठोकून ठेवू नये. २१ पासूनचं बिल ३१ दिवसांच्या महिन्यात ११ दिवसांचं होतं, म्हणजे २२ वेळा. फेब्रुवारीत ८ दिवसांचं, म्हणजे १६, आणि लीप वर्षात १८. वर्षातले आठ महिने तपासणी उगाच लाल दिवा दाखवत राहिली, तर ऑपरेटर तो दिवा बघायचंच सोडून देतो. तेव्हा वेळा कॅलेंडरवरून मोजून घ्याव्यात, आणि ज्या संस्थेचं संकलन खरोखरच एखाद्या वेळेला बंद होतं, तिची नोंद सचिवांकडून आधीच मागवून त्या तपासणीत धरावी.